सटवीचा लेख आणि बंडीचा आस

मूल जन्मलं की पाचव्या रात्री सटवी येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि भंडारा जिल्ह्यातही ती खोल रुजलेली आहे. त्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात, दिवा विझू देत नाहीत. त्या रात्रीचा लेख खरा कामाला येतो तो साठ-सत्तर वर्षांनी. आजीला पायऱ्या चढताना धाप लागू लागते, आजोबांच्या गालात आतून पांढरा चट्टा उमटतो, आणि भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं की नाही हा विषय निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतं, लिहिलं असेल तेवढं जगतील. आयुष्याची दोरी बळकट असेल तर काही होत नाही, आणि तुटायची असेल तर डॉक्टर काय करणार? असं बोलणारी माणसं निष्काळजी नसतात. अवकाळी पावसात हाताशी आलेला धान गेला, तरणा मुलगा गेला, तेव्हाही याच वाक्याने त्यांना उभं ठेवलेलं असतं. म्हणून या समजुतीला अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्यात एक खरा तात्त्विक प्रश्न आहे. आयुष्याची लांबी आधीच ठरलेली असते का? असेल, तर म्हातारपणी प्रकृती सांभाळणं हा निव्वळ खटाटोप ठरतो. नसेल, तर ती सांभाळणं हे कर्तव्य होतं, आणि मग ते कर्तव्य नेमकं कुणाचं हेही सांगावं लागतं.

हा प्रश्न आपल्या परंपरेत अगदी याच शब्दांत विचारला गेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयांना, विचारतो, सगळ्यांच्या आयुष्याचं प्रमाण नियत असतं की नसतं? आत्रेयांचं उत्तर सरळ आहे. आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या मेळावर अवलंबून असतं. दैव म्हणजे मागच्या देहात आपणच केलेलं कर्म, पुरुषकार म्हणजे या देहात करतो ते कर्म. म्हणजे ज्याला आपण लेख म्हणतो तोही मुळात कृतीच आहे. तिथे कुणा परक्याची लेखणी नाही. पुढे ते म्हणतात, सगळ्यांचंच आयुष्य नियत असतं तर औषधाला, पथ्याला, मंत्राला काही अर्थच उरला नसता, आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचंही कारण नव्हतं. अग्निवेशाचं एवढ्यावर समाधान होत नाही. मग काळी आलेला मृत्यू आणि अकाळी आलेला मृत्यू हा फरक तरी काय, असं तो विचारतो, आणि आत्रेय गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. चांगल्या लाकडाचा, नीट घडवलेला आस वापरता वापरता झिजतो आणि आपल्या वेळी संपतो, तो काळमृत्यू. तोच आस पेलणार नाही एवढा भार लादल्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, वाट सोडून हाकल्याने, चाक मोडल्याने, बैलाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न घातल्याने मध्येच मोडतो, तो अकाळमृत्यू. भंडाऱ्यात ज्यांनी बंडी हाकली आहे, धानाचे भारे बांध्यांमधून खळ्यावर आणले आहेत, त्यांना हा दृष्टान्त फोडून सांगावा लागणार नाही. आसाचं लाकूड कसं आहे ते कपाळावरच्या लेखासारखं, आपल्या हातात नसलेलं. पण मोडलेला आस पाहून कुठलाही शेतकरी सटवीला बोल लावत नाही. किती पोती घातली होती, कुठल्या वाटेने आणली, हे तो आधी विचारतो.

आजचे आकडे आत्रेयांच्या बाजूने आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या मुलाचं अपेक्षित आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० च्या घरात आहे. एका माणसाच्या आयुष्यभरात साऱ्या देशाचे लेख बदलले, असं सटवीच्या बाजूने म्हणता येणार नाही. इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. ही वाढ मुख्यतः बालमृत्यू घटल्यामुळे झाली, म्हाताऱ्यांचं आयुष्य त्या मानाने कमी वाढलं. तरीही साठी गाठलेला भारतीय आज सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं जगतो, आणि ही सरासरी राज्याराज्यांत, बाई-पुरुषांत, श्रीमंत-गरिबांत वेगवेगळी आहे. कपाळावरचा लेख उत्पन्नाचा दाखला पाहून लिहिला जात असेल असं मानायला कुणीच तयार होणार नाही. लाकडाचा वाटा किती, याचाही शोध घेतला गेला आहे. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्या जोड्यांची आयुष्यं तपासली तेव्हा आयुष्याच्या लांबीतल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा आनुवंशिकतेचा निघाला. हे प्रमाण याहून जास्त असावं असं मानणारेही संशोधक आहेत. ते दुप्पट धरलं तरी उरलेला अर्धा भाग भाराचा, वाटेचा आणि वंगणाचाच राहतो.

इथवर बहुतेक सुशिक्षित वाचक माझ्याबरोबर असतील. मतभेद पुढे सुरू होतो. लेखावरचा विश्वास सोडला की माणूस सहसा दुसऱ्या टोकाला जातो: तब्येत ज्याची त्याच्या हाती. पहाटे उठा, चाला, प्राणायाम करा, मीठ-साखर कमी करा, राग आवरा, आणि शंभर वर्षं जगा. आता हे प्रवचनातूनही सांगितलं जातं आणि त्यातला एकेक सल्ला चांगलाच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो, कारण जो लवकर खचला त्याचंच काहीतरी चुकलं असा तो निष्कर्ष आहे. भंडाऱ्यातली रोवणी डोळ्यांसमोर आणा. आषाढ-श्रावणात बाया पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन बांधीत उतरतात आणि गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, कमरेत वाकून मागे मागे सरकत दिवसभर रोवतात. काम एकरी दराने घेतलेलं असलं की पाठ सरळ करायलाही सवड नसते. हंगाम संपला की त्यांतल्या कितीतरी जणी घरी सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन विडी वळायला बसतात. साठीत त्यांच्या पाठीचं धनुष्य होतं. कष्टाची माणसं काटक असतात, कष्टानेच आयुष्य वाढतं, हे यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. कोपनहेगनमध्ये १ लाखाहून अधिक लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात स्वखुशीने केलेले श्रम मृत्यूचा धोका कमी करतात आणि पोटासाठी दिवसभर करावे लागणारे जड श्रम तो वाढवतात, असं त्यात दिसलं. शरीर तेच, हालचालही बरीचशी तीच. विसावा आपल्या मर्जीने घेता येतो की नाही, एवढा फरक. चरकांच्या यादीत पहिला शब्द अतिभार आहे, आणि भार बैल स्वतः लादून घेत नाही.

खर्ऱ्याचंही असंच आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला खर्रा पूर्व विदर्भात शाळकरी पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या गालात असतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले, आणि त्यांतले बहुतेक धूरविरहित तंबाखूचे. खर्रा हा दोष आहे, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पण रोवणीच्या किंवा विडीच्या कामावर तो भूक मारतो, थकवा विसरवतो, आणि बसायला दोन मिनिटांचं निमित्त देतो. म्हणून तो तिथे टिकतो. लाखोळीची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. धान कापायच्या आधी ओलीत फेकून घेतलेली लाखोळी हे या भागाचं जुनं कडधान्य. थोड्या प्रमाणात, भाताबरोबर आणि इतर डाळींबरोबर खाल्ली तर ती पिढ्यान्‌पिढ्या लोकांना मानवली. पण मध्य भारतात, विशेषतः रीवा भागात, जिथे वेठीच्या गड्यांना मजुरी म्हणून लाखोळीच दिली जाई आणि महिनोन्‌महिने दुसरं काही खायला नसे, तिथे धडधाकट माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. डाळ एकच. कुणाच्या ताटात ती चव होती आणि कुणाच्या ताटात तिने आस मोडला. ताटात काय आणि किती यावं हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याला मिताहाराचा उपदेश करताना थोडं थांबावं.

चरकांचा तो अध्याय कशाविषयी आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. एकेका माणसाच्या दिनचर्येचं प्रकरण ते नव्हे. अध्यायाचं नाव जनपदोद्ध्वंसनीय, म्हणजे सबंध जनपद उद्ध्वस्त होण्याविषयीचा. आत्रेय पांचालांच्या राजधानीजवळ, गंगेकाठच्या वनात शिष्यांसह फिरत आहेत, येणाऱ्या साथीची चाहूल त्यांना लागली आहे, आणि अग्निवेशाचा प्रश्न असा आहे की प्रकृती, आहार, बळ, वय सगळं वेगळं असलेली माणसं एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात. उत्तर असं की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागतात आणि त्या बिघडल्या की सगळ्यांनाच बिघडवतात. त्या का बिघडतात? अधर्माने. इथे अधर्म म्हणजे एकट्याचं पाप एवढाच अर्थ नाही. देशाचे, नगराचे, जनपदाचे प्रमुख अधर्माने वागू लागले की त्यांच्या आश्रयाने राहणारे तो वाढवत नेतात, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आयुष्य नियत आहे का, हा प्रश्न याच चर्चेच्या पोटात येतो. आसाचा दृष्टान्त आपण या संदर्भातून उचकटून काढला आणि एकेकट्या माणसाला पथ्य सांगण्यापुरता ठेवला, ही आपली मोठी चूक झाली असं मला वाटतं. वाट खराब असेल तर दहा बंड्यांचे आस मोडतात, आणि तेव्हा प्रत्येक बंडीवाल्याला वंगणाचा सल्ला देऊन भागत नाही.

भंडाऱ्याच्या बाबतीत ही वाट बरीचशी पाण्याची आहे. नागपूरचं सांडपाणी घेऊन निघालेली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या गोसीखुर्द धरणामुळे हे पाणी पवनीच्या वरच्या अंगाला साचून राहतं. कन्हान आणि वैनगंगा जिथे भेटतात ते अंभोरा पाच नद्यांचा संगम म्हणून पवित्र मानलं जातं. तिथे मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी आहे, आणि मुकुंदराजांचा शके १११० चा विवेकसिंधू तिथेच लिहिला गेला असं मानणारी एक परंपरा आहे. देह म्हणजे आत्मा नव्हे हे मराठीत पहिल्यांदा ज्या ग्रंथाने नीट मांडलं त्याच्या ठिकाणी आज देहाला लागणारं पाणी नासलेलं येतं, आणि ते नासवणारे हात काठावरच्या गावांतल्या म्हाताऱ्यांचे नाहीत. त्यांनी रोज पहाटे सूर्यनमस्कार घातले तरी ते पाणी निवळणार नाही. पूर्वजांना हे कळत होतं याचा पुरावा याच जिल्ह्यात ठायी ठायी दिसतो. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या लोकांनी बांधलेले तलाव, आज ज्यांना माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव म्हणतात, ते एकट्याच्या हिकमतीवर टिकलेले नव्हते. पाळ धरणं, गाळ काढणं, पाणी कुणाच्या बांधीला आधी हे ठरवणं ही सामाईक कामं होती. मालगुजारी गेली ते योग्यच झालं, पण तलावांची निगा कुणाची हे नीट ठरलं नाही आणि तलाव गाळाने भरत गेले. म्हाताऱ्या माणसांचं मला तसंच झालेलं दिसतं. शेताचा तुकडा, चूल आणि म्हातारे आईबाप एका छपराखाली असण्याची जुनी व्यवस्था मोडली. ती पुष्कळदा सुनांच्या पाठीवर उभी होती, म्हणून तिच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. पण तिच्या जागी काय उभं केलं, हा प्रश्न राहतोच. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिवसाला ५० रुपये. त्यात भात होतो. डाळ, दूध, रक्तदाबाची गोळी आणि दवाखान्याचं बसभाडं एवढं सगळं त्यात बसत नाही. ज्याच्या नावाने ही योजना आहे त्या श्रावणाने आंधळ्या आईबापांची कावड शेवटपर्यंत खांद्यावर वाहिली. त्याचा घात झाला तो राजाच्या बाणाने.

आता धर्माच्या बाजूने येणारा खरा कठीण आक्षेप. देह नश्वर आहे, आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, असं गीता सांगते; मग जुन्या वस्त्राला इतकी ठिगळं कशाला? महाराष्ट्राने ज्याला माउली म्हटलं त्या ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. विदर्भातच, पवनारला, विनोबांनी ८७ व्या वर्षी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. ज्यांना आपण सर्वांत मोठे मानतो त्यांनी आयुष्य लांबवलं नाही, आणि जो लांबवायला गेला त्या ययातीची गोष्ट आपण इशारा म्हणून सांगतो. मुलाचं तारुण्य घेऊनही त्याची तृप्ती झाली नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, मात्र ज्याने तो स्वतःच्या बाबतीत उच्चारला त्याच्यापुरता. विनोबांनी देह सोडला तेव्हा त्यांच्याभोवती सेवेला तत्पर माणसं होती, औषध आणि डॉक्टर हाताशी होते, पुढाऱ्यांच्या विनवण्या चालू होत्या. जे मिळत होतं ते त्यांनी नाकारलं. ज्याला ते मिळालंच नाही त्याच्या मृत्यूला वैराग्य म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपवास घडला असं म्हणण्यासारखं आहे. गीतेतला शब्दही नीट पाहावा. तिथे वस्त्राचं विशेषण जीर्ण असं आहे. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचं रेशीम विणणारे कोष्टी आहेत. जीर्ण झालेलं आणि फाडलेलं यांतला फरक त्यांच्याइतका कुणाला कळणार? वर्षानुवर्षं नेसून, धुऊन, विरत गेलेलं लुगडं बाजूला ठेवताना कुणी रडत नाही. ते पहिल्याच वर्षी काट्याला अडकून टरकावं आणि जुनं झालं म्हणून टाकून द्यावं, असं गीता सांगत नाही. पंचावन्नाव्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या बाईचं वस्त्र जीर्ण झालेलं नव्हतं. ज्ञानदेवांविषयी म्हणाल, तर चरकच सांगतात की आयुष्याला लांबीचं एकच माप नसतं. सुखायु आणि हितायु ही वेगळी मापं आहेत; स्वतःला सुखाचं ते सुखायु, इतरांच्या हिताचं ते हितायु. एकवीस वर्षांचं हितायु पूर्ण असू शकतं. म्हणून म्हातारपण निरोगी ठेवण्याची माझी मागणी ययातीची मागणी नाही. ययातीला पुन्हा तरुण व्हायचं होतं. इथे प्रश्न नीट म्हातारं होता येण्याचा आहे, नातवाला तलावावर पोहायला नेता येईल, भजनाला बसता येईल, स्वतःचं स्वतः उठून बाहेर जाता येईल एवढ्याचा. बुद्धांकडे नकुलपिता नावाचा म्हातारा, आजारी गृहस्थ आला तेव्हा त्यांनी त्याला दीर्घायुष्याचं आश्वासन दिलं नाही. शरीर आजारी असलं तरी मन आजारी पडू देऊ नकोस असं सांगितलं. पण मन शाबूत ठेवायलाही काही वर्षं आणि थोडी स्वस्थता लागते, आणि रात्रभर कण्हत जागणाऱ्या माणसाकडे ती नसते.

वंगणाविषयीही बोललं पाहिजे, कारण आसाच्या दृष्टान्तात भार आणि वाट यांच्याइतकाच त्याचा मान आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि ३ लाखांहून अधिक माणसं एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात असं आढळलं की ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट असते. भंडाऱ्याच्या खेड्यांत हे वंगण अजून आहे. कार्तिकातली काकड आरती आहे, हनुमानाच्या देवळाच्या ओट्यावरची बैठक आहे, दिवाळीनंतरच्या मंडईला रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक आहे, जिथे साऱ्या गावाबरोबर म्हातारेही घोंगडी घेऊन पहिल्या रांगेत बसतात. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता या भागात घरोघरी आहे, आणि तिच्यात गावाच्या स्वच्छतेचा आणि आरोग्याचा विचार प्रार्थनेच्या शेजारी, धर्म म्हणून येतो. यावर कुणी म्हणेल, मग भजनाने आयुष्य वाढतं असं सरळ सांगा. मी ते सांगणार नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणारे आणि कधीच न जाणारे यांच्या अपेक्षित आयुष्यात सुमारे सात वर्षांचा फरक निघाला. पण ज्याला चालता येतं तोच देवळापर्यंत जातो. प्रकृती बरी म्हणून भजन, की भजन म्हणून प्रकृती बरी, हे अशा आकड्यांवरून पुरतं ठरत नाही. शिवाय आयुष्य वाढावं म्हणून केलेली भक्ती ही देवाशी केलेली सौदेबाजी झाली. मला एवढंच म्हणायचं आहे की ओट्यावरची ती जागा म्हाताऱ्याची आहे, ती रिकामी दिसली तर कुणीतरी घरी जाऊन विचारतं, आणि ते विचारणं औषधाइतकंच खरं आहे. या जागांवर पूर्वी जातीने कुणाला बसू दिलं नाही, आणि विधवांना कुठे कडेला बसवलं, हेही तितकंच खरं आहे. ज्यांना वंगणच नाकारलं त्यांचे आस आधी झिजले.

शेवटचा आक्षेप माझ्याच मांडणीवर आहे. सगळं जनपदावर ढकललं तर माणसाला खर्रा थुंकायचं कारण तरी काय उरतं? पण चरकांनी पुरुषकार वगळला नाही, मीही वगळत नाही. भूक नसताना खाणं, शरीराचे वेग दाबून धरणं, उपचार टाळणं यांनीही आस मोडतो, असं तिथे लिहिलेलंच आहे, आणि साठीतही तंबाखू सोडली तर शरीराला फायदा होतो. फक्त हा पुरुषकार एकट्याने होत नाही. याची साक्ष पाली ग्रंथांतल्या एका राजाच्या कथेत आहे, आणि ती भातखाऊ मुलखाने ऐकावी अशी आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात जो स्तूप उजेडात आला, त्याच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठी बुद्धाचा उपदेश मानणारी माणसं राहत होती. कथा अशी: कोसलचा राजा प्रसेनजित एका वेळी द्रोण या मोठ्या मापाभर तांदळाचा भात खाई आणि धापा टाकत बुद्धांसमोर येऊन बसे. आहाराचं माप ओळखणाऱ्याच्या वेदना कमी होतात, तो हळूहळू म्हातारा होतो, त्याचं आयुष्य राखलं जातं, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी म्हटली. राजाला उपदेश पटला, पण आपल्याला तो ऐन जेवणात आठवणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि ताटावर बसल्यावर रोज म्हणून दाखवायचं काम दिलं, त्याचा मोबदलाही ठरवला. अशा रीतीने तो नाळी या लहान मापाभर भातावर आला, हलका झाला आणि हाताने अंग चोळत आनंदाने बोलला. कोसलच्या सिंहासनावर बसलेल्या माणसालाही ताटाशी दुसरा माणूस लागला. हा राजा पुढे ऐंशी वर्षांचा झाला. आपण दोघेही ऐंशीचे, असं त्याने बुद्धांना सांगितल्याची नोंद त्याच ग्रंथांत आहे. त्याचा शेवट अट्ठकथा, म्हणजे त्या ग्रंथांवरची जुनी टीका, सांगते. मुलाने, विडूडभाने, राज्य बळकावलं. म्हातारा प्रसेनजित भाच्याची, अजातशत्रूची, मदत मागायला दूरच्या वाटेने राजगृहाला निघाला, थकून पोहोचला तेव्हा रात्र झाली होती आणि वेशीचे दरवाजे बंद झाले होते. तो बाहेरच्या धर्मशाळेत आडवा झाला आणि त्या रात्रीच गेला. सकाळी अजातशत्रूने त्याचे अंत्यसंस्कार मोठ्या थाटाने केले.